निघायचे क्वीन्समधून, पोहोचायचे क्वीन्समध्येच

न्यूयॉर्कच्या सबवेचा नकाशा समोर घेऊन ‘एम’ या नारिंगी गाडीच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवले, तर दोन्ही बोटे क्वीन्समध्येच पडतात. शहराच्या पाच प्रशासकीय विभागांपैकी, म्हणजे ‘बरों’पैकी, क्वीन्स हा एक. गाडीचे एक टोक मिडल व्हिलेजमधले मेट्रोपॉलिटन ॲव्हेन्यू हे स्थानक आहे आणि दुसरे फॉरेस्ट हिल्समधले ७१वी ॲव्हेन्यू. सरळ रेषेत या दोहोंमध्ये जेमतेम चार किलोमीटर अंतर असेल. एम मात्र पहिल्या टोकाहून निघाली की क्वीन्स सोडून ब्रुकलिनमध्ये शिरते, बुशविकमधल्या घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना लागून जाते, मर्टल आणि ब्रॉडवेच्या नाक्यावर ‘जे’ या दुसऱ्या गाडीच्या रुळांना मिळते, विल्यम्सबर्ग पुलावरून ईस्ट रिव्हर ओलांडून मॅनहॅटनमध्ये जमिनीखाली उतरते, सिक्स्थ ॲव्हेन्यूखालून उत्तरेकडे धावते आणि पुन्हा नदीखालून क्वीन्समध्ये येऊन सुमारे तासाभराने दुसऱ्या टोकाला टेकते. थोड्याच अंतरात ये-जा करणाऱ्या शटल गाड्या वगळल्या तर इतकी जवळजवळची टोके असलेली दुसरी गाडी या शहरात नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहणारा प्रवासी, रेल्वेवेडा असल्याखेरीज, मला तरी कधी भेटलेला नाही.

मी क्वीन्समधल्या एल्महर्स्ट भागात राहतो. आमच्या स्थानकावर दिवसा एम आणि आर या दोनच धीम्या गाड्या थांबतात, त्यामुळे ही गाडी माझ्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. ती अशी वळसा घालून का जाते, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की या सबवेचा सगळा स्वभाव उलगडतो, असे मला वाटते.

मुंबईची मेट्रो ३ किंवा पुण्याची जांभळी मार्गिका डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिकडे मार्गिका म्हणजे रूळ, आणि त्या रुळांवर त्या मार्गिकेचीच गाडी. न्यूयॉर्कमध्ये रूळ वेगळे आणि गाडीचे अक्षर वेगळे. एम हे अक्षर कोणत्याही एका बोगद्याचे नाव नाही. ती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या मालकांनी बांधलेल्या रुळांच्या तुकड्यांवरून जाणारी एक सेवा आहे, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक तुकडा ती दुसऱ्या कोणत्या तरी गाडीबरोबर वाटून घेते. पुलावर तिच्याबरोबर ‘जे’ ही गाडी असते, सिक्स्थ ॲव्हेन्यूखाली एफ असते, क्वीन्स बुलेव्हार्डखाली आर असते. मुंबईकराला हे समजायला मेट्रोपेक्षा लोकल अधिक उपयोगी पडेल: हार्बरच्या एकाच फलाटावरून सुटलेल्या दोन गाड्यांपैकी एक वडाळ्यानंतर पनवेलकडे आणि दुसरी गोरेगावकडे वळते, तसाच हा प्रकार आहे; मात्र इथे तो शहरभर आणि एकमेकांत गुंतलेला आहे.

या गुंत्याचे मूळ तीन यंत्रणांच्या स्पर्धेत आहे. पहिला भुयारी मार्ग २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला. तो चालवणारी कंपनी आयआरटी या आद्याक्षरांनी ओळखली जाई. ब्रुकलिनमधल्या उन्नत रेल्वेमार्गांवर पकड असलेली दुसरी कंपनी पुढे बीएमटी झाली. १९१३ मध्ये शहराने या दोघींशी एकाच वेळी करार केले आणि त्यांतून आजच्या जाळ्याचा मोठा भाग उभा राहिला. तिसरी यंत्रणा शहराची स्वतःची, आयएनडी. खासगी कंपन्यांवर खार खाऊन असलेल्या जॉन हायलन या महापौरांच्या काळात तिचा पाया घातला गेला आणि १९३२ मध्ये तिचा एट्थ ॲव्हेन्यूचा मार्ग खुला झाला. कित्येक ठिकाणी आयएनडीचे मार्ग जुन्या कंपन्यांच्या मार्गांना समांतर, त्यांचे प्रवासी पळवण्याच्याच हेतूने टाकले होते. जून १९४० मध्ये शहराने दोन्ही कंपन्या विकत घेतल्या आणि तिन्ही जाळी एका मालकाखाली आली. कागदावर एकीकरण झाले, तरी जमिनीखाली तीन स्वतंत्र रेल्वेच राहिल्या.

त्यांतही एक अडचण अशी, की ती आजपर्यंत सुटलेली नाही. आयआरटीने १९०४ मध्ये आपले बोगदे आणि फलाट साधारण पावणेनऊ फूट रुंदीच्या डब्यांसाठी बांधले, आणि बीएमटीने व तिच्यामागून आयएनडीने दहा फुटी डबे स्वीकारले. परिणामी आज आकड्यांच्या गाड्या, म्हणजे १ ते ७, अरुंद आहेत आणि अक्षरांच्या गाड्या रुंद. रुंद डबा अरुंद बोगद्यात शिरतच नाही. अरुंद डबा रुंद मार्गावर जाऊ शकतो, पण फलाट आणि डबा यांच्यामध्ये एवढी फट राहते की प्रवाशांना चढू देणे धोक्याचे ठरेल. दुरुस्तीची खडी, रूळ आणि कचरा वाहणाऱ्या गाड्या म्हणूनच अरुंद मापाच्या बांधतात, म्हणजे त्यांना सगळीकडे जाता येते. एम कितीही भटकी असली तरी ती कधी २ किंवा ४ च्या रुळांवर जाणार नाही, याचे कारण सव्वाशे वर्षांपूर्वी ठरलेल्या या रुंदीत आहे.

रुंदीच्या या भांडणाचा सर्वांत गमतीदार संसार क्वीन्सबरो प्लाझा स्थानकावर चालला. क्वीन्समधल्या ॲस्टोरिया आणि फ्लशिंग या दोन्ही मार्गांवर आयआरटी आणि बीएमटी या दोन्ही कंपन्यांनी गाड्या चालवाव्यात, असे ठरले होते. पण त्या मार्गांवरचे फलाट आयआरटीच्या अरुंद डब्यांच्या मापाचे होते. बीएमटीच्या रुंद भुयारी गाड्या क्वीन्सबरो प्लाझापर्यंत येत आणि तिथेच थांबत. पुढे जाण्यासाठी प्रवाशांनी उतरून बीएमटीच्याच जुन्या, अरुंद लाकडी डब्यांच्या गाडीत बसायचे. एकाच रुळांवर दोन कंपन्यांच्या गाड्या, आणि त्यांतल्या एकीला स्वतःचीच मोठी गाडी पुढे नेता येत नाही, अशी ही भागीदारी १९४९ पर्यंत चालली. मग सरळ वाटणी झाली: ॲस्टोरिया मार्गाचे फलाट तासून तो रुंद गाड्यांना दिला आणि फ्लशिंग मार्ग अरुंद गाड्यांकडे राहिला. आज त्याच स्थानकावर ७ आणि एन या दोन वेगळ्या मापांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, आणि प्रवासी चार पावलांत गाडी बदलतो. फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जाणाऱ्या आमच्या मराठी मंडळींपैकी बरीचजण मॅनहॅटनहून येताना इथेच गाडी बदलतात. ७ च्या मार्गाला उरलेल्या जाळ्याशी जोडणारा रुळांचा एकमेव दुवाही याच स्थानकाजवळ आहे. त्याच्यावरून प्रवासी गाडी जात नाही, पण तो नसता तर ७ चे रूळ बाकी सबवेपासून पूर्ण तुटलेले राहिले असते.

रुंद मापाच्या दोन जाळ्यांना, म्हणजे बीएमटी आणि आयएनडीला, मात्र एकमेकांत मिसळण्यापासून कोणी अडवले नव्हते. फक्त मध्ये थोडे बोगदे खणायचे होते. १९५५ मध्ये एक जोड क्वीन्समध्ये झाली, जिच्यामुळे आज आर गाडी ब्रॉडवेखालून येऊन क्वीन्स बुलेव्हार्डच्या मार्गाला मिळते. सर्वांत मोठी जोड नोव्हेंबर १९६७ पासून लोअर मॅनहॅटनच्या क्रिस्टी स्ट्रीटखाली खुली होऊ लागली. तिचे दोन भाग होते. एका भागाने मॅनहॅटन पुलावरचे रूळ सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या मार्गाला जोडले. तो लगेच गजबजला आणि आजही बी आणि डी गाड्या त्यावरून जातात. दुसऱ्या भागाने विल्यम्सबर्ग पुलाकडून येणारे रूळ त्याच सिक्स्थ ॲव्हेन्यूला जोडले. त्यावरून सुरुवातीला केके आणि नंतर के या नावाची एक सेवा धावली, पण ती १९७६ मध्ये बंद पडली. शहर तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होते आणि मिळेल तिथे कात्री लावली जात होती.

त्यानंतर चौतीस वर्षे एसेक्स स्ट्रीट आणि ब्रॉडवे–लाफायेट या स्थानकांमधल्या त्या वळणदार रुळांवर नियमित प्रवासी गाडी नव्हती. रूळ होते, सिग्नल होते, गाडी नव्हती. २०१० मध्ये पुन्हा पैशांचा खडखडाट झाला आणि या वेळी काटकसरीनेच ते रूळ जिवंत केले. तोपर्यंत एम ही तपकिरी रंगाची गाडी होती. ती पुलावरून येऊन डावीकडे, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे वळे आणि गर्दीच्या वेळी तशीच पुढे दक्षिण ब्रुकलिनपर्यंत जाई. तो दक्षिणेकडचा भाग फारसा भरत नसे. दुसरीकडे व्ही नावाची एक गाडी फॉरेस्ट हिल्सहून येऊन सिक्स्थ ॲव्हेन्यूने लोअर ईस्ट साइडपर्यंत जाऊन थांबत असे. या दोन अर्धवट गाड्या क्रिस्टी स्ट्रीटच्या जोडीने एकमेकींना शिवल्या, म्हणजे एकीचा खर्च वाचणार होता आणि शिवाय बुशविक–रिजवुडच्या प्रवाशांना गाडी न बदलता मॅनहॅटनच्या मध्यावरचे मिडटाउन गाठता येणार होते. पहिला प्रस्ताव नव्या गाडीला व्ही म्हणावे असा होता. पण मिडल व्हिलेज आणि रिजवुडच्या लोकांना कित्येक पिढ्यांचे एम हे अक्षर सोडवेना, म्हणून अक्षर एमचे राहिले आणि रंग नारिंगी झाला. मॅनहॅटनमध्ये गाडी ज्या मुख्य रस्त्याखालून जाते त्यावरून तिचा रंग ठरतो, हा १९७९ पासूनचा नियम. सिक्स्थ ॲव्हेन्यूचा रंग नारिंगी.

माझ्या मते सबवेच्या गेल्या काही दशकांतील हा सर्वांत हुशार बदल आहे, आणि त्यासाठी नवा बोगदा एक फूटही खणावा लागला नाही. जुन्या काळी कोणी तरी खर्च करून रूळ जोडून ठेवले होते, एवढीच त्याची पूर्वतयारी.

पण शिवण कुठे कुठे दिसतेच. विल्यम्सबर्ग पुलापलीकडच्या जुन्या बीएमटी स्थानकांचे फलाट साधारण ४८० फूट लांबीचे आहेत, म्हणून एमला साठ फुटी आठ डबेच जोडता येतात. क्वीन्स बुलेव्हार्डखालचे फलाट सहाशे फुटांहून लांब, आणि तिथल्या बाकीच्या गाड्या त्यांना पुरतील एवढ्या लांब असतात. अतिशय गर्दीच्या मार्गावर तिथली सर्वांत आखूड गाडी, अशी ही विसंगती आहे. आमच्या स्थानकावर फलाटाच्या टोकाला उभा असलेला माणूस एम येताना दिसली की मध्याच्या दिशेने पळू लागतो. नवखा माणूस मात्र आपल्यासमोरून गाडी पुढे का निघून गेली, या संभ्रमात जागीच उभा राहतो.

दुसरी विसंगती दिशेची आहे. आयुष्यभर मध्य रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी केलेले माझे मामा एकदा इकडे आले होते. ब्रुकलिनच्या मार्सी ॲव्हेन्यू स्थानकावर आम्ही उभे होतो. एकाच फलाटावर आधी जे आली आणि मागून एम.

“या दोन्ही गाड्या पुलावरून त्याच गावात जाणार ना?” मामांनी विचारले.

“हो मामा, पण पूल संपला की जे दक्षिणेकडे वळते आणि एम उत्तरेकडे. फलाट एकच, दिशा मात्र उलट.”

“म्हणजे तुमच्याकडे अप आणि डाऊन असला प्रकारच नाही म्हण की. केबिनवाल्याने लक्षात तरी काय ठेवायचे?”

प्रश्न अगदी नेमका होता. या यंत्रणेतही प्रत्येक मार्गावर रेल्वेची म्हणून एक ‘उत्तर’ आणि एक ‘दक्षिण’ ठरलेली असते, आणि क्रिस्टी स्ट्रीटच्या त्या वळणावर एम गाडी आपली कागदोपत्री दिशा बदलते: जेच्या रुळांवर असताना ती दक्षिणेला जाणारी असते आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूला लागताच उत्तरेला जाणारी होते. केबिनवाल्याच्या लक्षात ठेवण्याबद्दल सांगायचे तर, जुन्या सिग्नलच्या मार्गांवर काही स्थानकांत फलाटाच्या टोकाला बटणांची एक पेटी असते. मोटरमनने आपल्या गाडीला हवा असलेला मार्ग त्यावर दाबून मागायचा आणि टॉवरमधल्या, म्हणजे इथल्या सिग्नल केबिनमधल्या, माणसाने त्यानुसार सांधे बदलायचे. मामांनी ती पेटी बराच वेळ न्याहाळली. चुकीचे बटण दाबले तर काय, हे त्यांनी विचारले नाही, कारण ते त्यांना ठाऊकच होते.

रूळ वाटून घेण्याची खरी किंमत मोजावी लागते ती जिथे मार्ग एकमेकांना मिळतात आणि पुन्हा फुटतात अशा जागी. ब्रुकलिनमधले डीकाल्ब ॲव्हेन्यूजवळचे जंक्शन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मॅनहॅटन पुलाच्या दोन्ही कडांना सबवेचे दोन-दोन रूळ आहेत. उत्तरेच्या कडेने सिक्स्थ ॲव्हेन्यूवरून आलेल्या बी आणि डी येतात, दक्षिणेच्या कडेने ब्रॉडवेवरून आलेल्या एन आणि क्यू. पूल उतरताच या जोड्या मोडतात आणि नव्या जोड्या जमतात: बी आणि क्यू ब्रायटनच्या मार्गाला लागतात, डी आणि एन फोर्थ ॲव्हेन्यूच्या जलद मार्गाला. म्हणजे चारही गाड्यांनी एकाच ठिकाणी आपला जोडीदार सोडायचा आणि दुसरा पकडायचा. ब्राँक्समध्ये कुणाच्या दारात बॅग अडकून डीला दोन मिनिटे उशीर झाला, तर इथे एन खोळंबते, एनमागची क्यू खोळंबते, आणि थोड्या वेळाने ॲस्टोरियातल्या फलाटावर गर्दी साठू लागते. त्या गर्दीला ब्राँक्समधल्या बॅगेचा पत्ता कधीच लागत नाही.

बी आणि डी दोन्ही ब्रायटनला, एन आणि क्यू दोन्ही फोर्थ ॲव्हेन्यूला पाठवल्या तर हा गुंता सुटेल, असे सुचवणारे बरेच आहेत आणि गणित त्यांच्या बाजूने आहे. अडचण गणिताची नाहीच. आज ब्रायटन मार्गावरच्या माणसाला दोन गाड्यांपैकी हवी ती पकडून मॅनहॅटनच्या दोन वेगळ्या रस्त्यांवर थेट जाता येते. ती सोय कोणी आपणहून सोडत नाही. गाडी बदलायला लागणे ही गोष्ट इथल्या प्रवाशाला, उशीर होण्याइतकीच किंबहुना त्याहून अधिक, अपमानास्पद वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

अरुंद गाड्यांच्या जाळ्यातही अशी ठिकाणे आहेत. ब्रुकलिनमधल्या रॉजर्स जंक्शनवर ५ ही गाडी जलद रुळावरून नॉस्ट्रँड ॲव्हेन्यूकडे वळताना २, ३ आणि ४ या तिघींनाही खोळंबवते. हार्लेममध्ये १४२व्या रस्त्याखाली २ आणि ३ यांचे रूळ एकाच पातळीवर फुटतात. एकीला जाऊ देण्यासाठी समोरून येणारी दुसरी थांबवावी लागते. हे जंक्शन पहिल्याच पिढीतले आहे, आणि ते बांधणाऱ्यांना इतक्या गाड्यांची कल्पना नसणार.

मग हे सगळे उलगडून प्रत्येक गाडीला आपापले रूळ का देऊन टाकत नाहीत? याचे अर्धे उत्तर अशा दिवसांत आहे, जेव्हा शहरावर संकट येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरखालून जाणारा १ चा बोगदा कोसळला. काही दिवसांतच १ ही गाडी तिच्या नेहमीच्या साउथ फेरीऐवजी ब्रुकलिनमध्ये, ३ च्या मार्गाने न्यू लॉट्सपर्यंत जाऊ लागली, ३ चौदाव्या रस्त्यावरच थांबवली गेली, आणि ही व्यवस्था सप्टेंबर २००२ पर्यंत टिकली. पाटाचे पाणी एका दंडात गाळ साचला म्हणून दुसऱ्या दंडात वळवावे, तसे हजारो प्रवासी वळवले गेले, आणि हे शक्य झाले ते दंड आधीपासून एकमेकांना जोडलेले होते म्हणूनच. मॅनहॅटन पुलाचेही तसेच. रूळ पुलाच्या मध्यावर नसून कडांना असल्यामुळे गाड्यांच्या वजनाने पूल वर्षानुवर्षे पिळवटत गेला, आणि १९८६ ते २००४ या काळात त्याची दुरुस्ती करताना कधी एका बाजूचे तर कधी दुसऱ्या बाजूचे रूळ बंद ठेवावे लागले. सुरुवातीच्या काळात तर नकाशावर दोन डी होत्या: वरच्या अर्ध्यात नारिंगी आणि खालच्या अर्ध्यात पिवळी. अठरा वर्षे ब्रुकलिनकरांनी हे सहन केले. पण पूल दुरुस्त होत असताना त्यांच्या गाड्या धावत राहिल्या.

उत्तराचा दुसरा भाग असा, की ही सबवे चोवीस तास चालते. करोनाकाळात मे २०२० ते मे २०२१ या वर्षभरात ती रात्री बंद ठेवली, तो अपवाद. मुंबईच्या लोकलला रात्री तीन-एक तास तरी उसंत मिळते आणि उरलेले काम रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये उरकले जाते. ‘धीम्या मार्गावरील लोकल जलद मार्गावर वळवण्यात येतील’ हे वाक्य वर्तमानपत्रात वाचत मोठ्या झालेल्या माणसाला न्यूयॉर्कचे शनिवार-रविवार मुळीच परके वाटत नाहीत. फरक एवढाच, की लोकल वळवली तरी ती बहुधा आपल्याच मार्गावर, शेजारच्या रुळांवर राहते; इथे ई गाडी एफच्या बोगद्यातून जाते, डी गाडी सीचे थांबे घेते, आणि एल गाडीच्या नदीखालच्या बोगद्याचे काम चालू होते तेव्हा, एप्रिल २०१९ पासून, आमची एम संध्याकाळी उशिरा आणि सुट्टीच्या दिवशी फॉरेस्ट हिल्सला न जाता सेकंड ॲव्हेन्यूच्या नव्या मार्गाने ९६व्या रस्त्यापर्यंत जात असे. खांबावर चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय शनिवारी गाडीत पाऊल टाकू नये, हा इथला पहिला धडा. पाहुण्यांना मी हा धडा विमानतळावरच देतो.

याउलट जिथे वाटणी नाही तिथे काय होते, हे पाहण्यासाठी एल आणि ७ यांच्याकडे पाहावे. या दोन गाड्या आपले रूळ दुसऱ्या कोणत्याही गाडीला देत नाहीत. संगणकाने गाड्यांमधले अंतर राखणारी नवी सिग्नलयंत्रणा सगळ्यांत आधी एलवर आणि मग २०१८ मध्ये ७ वर पूर्ण झाली, आणि वक्तशीरपणाच्या यादीत या दोघी वरच्या जागी असतात, हा योगायोग नव्हे. एकाच प्रकारच्या गाड्यांना नवी उपकरणे बसवली की काम संपले. क्वीन्स बुलेव्हार्डवर ई, एफ, एम आणि आर अशा चार गाड्या, आणि त्यांच्या उरलेल्या प्रवासातले बरेच सिग्नल जुने. तिथे हेच काम किती तरी अधिक वेळ खाते. वाटणीवर प्रेम असलेल्या माझ्यासारख्यालाही ७ मध्ये बसल्यावर हेवा वाटतो.

इतक्यात झालेला बदल या दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्पर्श करतो. क्वीन्समधून मॅनहॅटनकडे जाणारे दोन बोगदे या गोष्टीत आहेत, ५३व्या रस्त्याचा आणि ६३व्या रस्त्याचा. अनेक वर्षे एम ही ई बरोबर ५३ मधून जाई आणि एफ एकटीच ६३ मधून. त्यामुळे क्वीन्सच्या दिशेने येताना एम आधी ईच्या रुळांवर येई, मग क्वीन्स प्लाझाजवळ तिला सोडून आरच्या धीम्या रुळांवर जाई, आणि त्याच्या पुढच्याच टप्प्यावर एफ येऊन ईला मिळे. तीन मिलाप, त्यातले दोन अगदी लागून. डिसेंबर २०२५ पासून आठवड्याच्या कामाच्या दिवशी, दिवसा, एफ आणि एम यांनी बोगद्यांची अदलाबदल केली. आता ई आणि एफ या दोन्ही जलद गाड्या ५३ मधून एकत्रच येतात आणि एकत्रच पुढे जातात. एम ६३ मधून येऊन थेट आरला मिळते. एक मिलाप कमी झाला, आणि क्वीन्स प्लाझाच्या तोंडाशी बोगद्यात अंधारात थांबून राहण्याचे एक कारणही कमी झाले.

याचा भुर्दंड पडला तो रूझवेल्ट बेटावरच्या रहिवाशांना. नदीच्या मधोमध असलेल्या या चिंचोळ्या बेटाला सबवेचे एकच स्थानक आहे आणि ते ६३ च्या मार्गावर आहे. कामाच्या दिवशी त्यांना पूर्वी दहा डब्यांची एफ मिळे, आता आठ डब्यांची एम मिळते. त्यांनी आधीच विरोध नोंदवला होता आणि तो रास्त होता. पण क्वीन्स बुलेव्हार्डवरून रोज जाणाऱ्यांची संख्या बेटाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट आहे, आणि निर्णय त्या हिशेबाने झाला. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, अर्थात मी एल्महर्स्टमध्ये राहतो हेही ध्यानात घ्यावे. रात्री साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी बेटावर पुन्हा एफ येते. त्या वेळात एम मॅनहॅटनच्या उत्तर भागात फिरकतच नाही: शनिवार-रविवारी ती एसेक्स स्ट्रीटवरून परत फिरते, आणि मध्यरात्रीनंतर तर मिडल व्हिलेज ते मर्टल–ब्रॉडवे एवढ्याच टप्प्यात, पूलही न ओलांडता, येरझाऱ्या घालते.